तिला उभं ठेवण्याचे बारा दिवस

मी मूर्ख माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात घोडी पाळणारा मी एकटाच. त्यामुळे लग्नसराईत लोक मान देत, आणि मलाही वाटायचं की घोड्यातलं आपल्याला सगळं कळतं. कप्पाळ कळत होतं!

माझी घोडी पांढरी, वरातीतली. कानाशी बँड वाजला तरी नवरदेवाला घेऊन ती निवांत चालायची. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाहून आलो आणि थकव्यापायी तिला सैल बांधलं. तिनं दोर सोडवला, कोपऱ्यातलं गव्हाचं पोतं फाडलं आणि पोट फुटेस्तोवर गहू खाल्ला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तर पुढचे दोन्ही पाय लांब ठेवून, सगळं अंग मागच्या पायांवर रेलून ती उभी. पुढच्या खुरांना हात लावला, तर चटका बसावा इतके तापलेले.

नालबंद आला. त्यानं नाल काढले आणि म्हणाला, "गव्हाची गरमी खुरात उतरली. थंड पाणी मार अन् डॉक्टरले दाखव." पाणी मी बादल्यांनी मारलं. डॉक्टरचं मात्र मनावर घेतलं नाही. तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशींचे, त्यांना घोड्यातलं काय समजणार?

तिसऱ्या दिवशी घोडी खाली बसली. माझा बाप टांगा चालवायचा. त्याचा घोडा एका दुपारी असाच बसला होता, तो पुन्हा उठला नाही. घोडं उभं आहे तोवर जिवंत, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं. शेजारच्या दोघा भावांना हाक मारली. पोटाखालून गोणपाटाचं चवाळं घातलं, दोन्हीकडून बांबू लावले आणि "हईशा" करत तिला उभं केलं. तिचं सगळं अंग थरथरलं, घामानं भिजलं. मी म्हटलं, "शाब्बास!"

तासाभरात ती पुन्हा बसली. आम्ही पुन्हा उचललं. मग रोजचंच झालं ते, दिवसातून तीनदा. उठवताना ती असं कण्हायची की शेजारचे मान फिरवायचे.

"बसू द्या ना तिले जराशीक," बायको म्हणायची. "पाय दुखून राह्यले तिचे."

"चूप बस! बसली तं मरन ते. तुले काय समजते?" मी तिच्या अंगावर धावून जायचो.

उचलायला लागल्याच्या बाराव्या दिवशी बायकोनं मला न विचारता डॉक्टरांना बोलावलं. मी धुसफुसत बाजूला उभा राहिलो. त्यांनी वाकून बसलेल्या घोडीचा एक पुढचा खूर उचलला, तळवा पुसला. पुढच्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग पडली होती, आणि त्यातून रक्त-पाणी गळत होतं.

"आतलं हाड खाली फिरलंय. तळवा फोडून बाहेर येतंय," ते म्हणाले. "हिला उभं कोण करतं?"

"मीच. रोज तीनदा," मी छाती काढून सांगितलं.

"भाऊ, खुरांवरचा भार काढायला ती बसत होती. तेवढाच आराम होता तिला. खाली वाळू टाकून पडू द्यायचं होतं."

"आता टाकतो ना! ट्रॉलीभर आणतो."

"आता उपयोग नाही. दोन्ही पाय गेले. ह्या हालांतून सोडवू या तिला."

बायकोनं मला शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. हाड तळव्यात घुसत होतं, आणि मी त्यावर तिचं सगळं ओझं रोज तीनदा ठेवत होतो. कोण्या वैऱ्यानंही असं केलं नसतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. तिच्या डोक्याशी बसावं म्हणून मी जवळ गेलो. माझी चाहूल लागताच तिनं कान टवकारले, आणि पुढचे दोन्ही पाय ताणून, कण्हत, ती आपण होऊन उठायला लागली. चवाळं नाही, बांबू नाही. बारा दिवसांत पहिल्यांदाच.

"नोको माय, नोको उठू," मी रडत म्हणालो. ती ऐकेना. शेवटी तिच्या मानेवर अंग टाकून मी तिला खाली दाबून धरलं, तेव्हा कुठं ती बसली.