करपलेला तास

मुलं तिला काबाई म्हणायची. उत्तर चुकलं की 'का' सगळेच विचारतात. ही बाई बरोबर आलं तरी विचारायची. फळ्यावर रोज कोणाचं तरी चुकलेलं उत्तर लिहायची, नाव सांगायची नाही आणि म्हणायची, "हे लिहिणारा वेडा नाही. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगा." सुरुवातीला मुलं वैतागत. सहामाहीपर्यंत तीच आपापल्या चुका घेऊन तिच्या मागे लागत.

शिक्षकांच्या खोलीतही तिने एक खूळ आणलं होतं. एकमेकांच्या तासाला मागे जाऊन बसायचं, पण शिकवणाऱ्याकडे नाही, मुलांकडे बघायचं. मग चहा घेता घेता मुलं कुठे रमली, कुठे हरवली, तेवढंच सांगायचं. ते बोलणं चहाबरोबर संपलं पाहिजे, ही एकच अट. आणि बोलवायचं ते फसणाऱ्या तासाला. "छान शिजलेलं वाढायला मला कोण कशाला हवं?" ती म्हणायची. "करपायला लागलं की या." चित्रकलेचे सर बरीच वर्षं हात जोडून लांब राहिले, शेवटी तेही फिरकले.

यात सगळ्यात तयार झाली ती शिक्षकांतली सगळ्यात लहान बाई, सगळ्यांची धाकटी. नोकरीला लागली तेव्हा ती वर्गाकडे पाठ करून फळ्याशीच बोलायची. प्रश्न विचारून गप्प कसं राहायचं, हे तिला काबाईने शिकवलं. शिक्षकाला तेच जमत नाही. स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच द्यायची कोण घाई. पुढे धाकटी पर्यवेक्षक झाली तेव्हा काबाईला लेकीचं कौतुक व्हावं तसं झालं.

त्या वर्षी आठवीला ऋण संख्यांचा गुणाकार आला. ऋण गुणिले ऋण धन, हे नुसतं घोकून घेणं काबाईला पटेना. तिने जमिनीवर रेषा आखली आणि मुलांना पुढेमागे चालवायचं ठरवलं. काहीतरी बिनसणार असं वाटत होतं, म्हणून धाकटीला बोलावलं. तास सपशेल झोपला. मुलं एकमेकांवर आदळली, आणि आता तोंड कुठे करायचं ते बाईंनाच कळेना. चहाला दोघी पोट धरून हसल्या. धाकटी म्हणाली, "ताई, पाठ फिरवून मागे चालायला लावलंत ना, तिथे मागच्या बाकांचा धागा सुटला." अगदी नेमकं. काबाईने तेवढा भाग बदलला आणि दुसऱ्या दिवशी तास झकास जमला.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. आठवीची मुलं ती दहावीपर्यंत नेत असे. ही मुलं आता नववीपासून दुसऱ्या सरांकडे जाणार होती. "वर्गात तुमचाच गोंधळ होतो म्हणे," ते चाचरत म्हणाले. "मागच्या बाकांचा धागा सुटतो."

धागा हा शब्द ऐकला आणि ती तडक उठून बाहेर पडली.

धाकटी जिन्यात भेटली. "तू सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, ताई. या खुर्चीवर बसल्यावर सांगावं लागतं. मी खोटं काही बोलले का?"

"नाही. खरं होतं म्हणून तर तुला दाखवलं."

"उद्या तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"दुसऱ्या दिवशीचा तास बघायला तरी आले असते."

धाकटी घड्याळ बघत खाली उतरली. परक्याने लाथ मारली तर माणूस कपडे झटकून उभा राहतो. इथे केसाने गळा कापला होता. घरी नवरा म्हणाला, "सोड ना, वर्गच तर गेला." त्या रात्री तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

नव्या वर्षाच्या प्रशिक्षणात धाकटी समोर उभी राहून बोलली. एकमेकांचे तास बघा, चुकायला घाबरू नका, अडलेला तास आधी दाखवा. शब्दन् शब्द काबाईचा, फक्त चहा वगळलेला. "चला, पहिला तास कोण दाखवणार?"

सगळ्यांनी सवयीने काबाईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. या क्षणाची तिने सुट्टीभर वाट पाहिली होती. धाकटीचं तोंड पडलेलं बघून बरं वाटेल, असा तिचा हिशेब होता.

शेवटच्या रांगेत विज्ञानाची नवी बाई होती, नोकरीचा पहिलाच आठवडा. तिने हात अर्धा वर केला, काबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो हळूच खाली घेतला. काबाईने ते पाहिलं आणि पदराचा आणखी एक वेढा बोटाला घेतला.