शेवयांच्या परक्या नावाचा अर्थ

गेल्या रविवारी भर दुपारी, आष्ट्यात तालमीपुढच्या पंगतीत, एका स्वयंपाक्यावर अन्याय झाला. दोनदोनदा मागून खाणारी माणसे त्याला ‘किडेवाला’ म्हणून पानावरून उठली.

हा गडी पलटणीत स्वयंपाकी होता, लढाईत इटलीला जाऊन आला. तिथले पदार्थ तो आपल्या चुलीवर करतो. हातच्या शेवया, त्यावर टोमॅटो, लसूण आणि आपली झणझणीत चटणी. वाढताना परक्या नावाचा अर्थ सांगायची त्याला भारी हौस. ‘स्पागेत्ती म्हंजी सुतळी, गड्या. खा सुतळी.’ लोक हसतात आणि पान पुढे करतात.

त्या दिवशी कुणीतरी विचारले, ‘आन ह्या बारक्या शेवयांला काय म्हनत्यात?’

गप्प बसला असता तर निभावले असते. पण खोटे सांगणे त्याला जमत नाही. डाव पुसत तो म्हणाला, ‘वर्मिचेल्ली. म्हंजी बारकं किडं.’

पंगत उठली. मीही उठलो, हे कबूल करतो. त्या शेवया वळून देणारी त्याच्या शेजारची म्हातारी तेवढी बसून राहिली.

‘आवं, उठा की,’ कुणी म्हणाले.

‘लगनात कनकंच्या नखुल्यांची खीर वरपताय, तवा कुनाची नखं म्हून इचारलं का रं?’ ती म्हणाली. ‘वाढ मला.’

त्याने हसतहसत एवढे वाढले की पान दिसेना. मी मुकाट्याने तिच्या शेजारी बसलो.

येत्या रविवारी तो पुन्हा रांधणार आहे. तुम्ही या. आधी अर्थ विचारा, मग पोटभर खा, आणि पानात एकही शेवई टाकू नका.