तुझ्याकडे बघतो

बँडवाल्या मास्तरांनी जन्मभर क्लॅरिनेटवर इंग्रजी गाणी वाजवली, पण त्यातल्या एकाही शब्दाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. "वाजवायला अर्थ कशाला लागतो? दम लागतो," असं म्हणायचे. आता मात्र चारच शब्दांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

त्यांच्या नातीचं, ठमीचं, दुसऱ्या दिवशी परदेशात हृदयाचं ऑपरेशन होतं. पाच वर्षांची होईपर्यंत ती मास्तरांपाशीच वाढली. सायकलच्या दुकानावरची एवढीशी खोली, खिडकीत क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायच्या बोरूच्या पट्ट्या वाळत घातलेल्या. तिला थोपटताना ते स्वतःच रचलेली ओळ गुणगुणायचे : मी तुझ्याकडे बघतो, तू झोप. पुढे आईबाप तिला घेऊन गेले आणि पोरगी मराठी विसरली. तिथे जायच्या परवानगीसाठी मास्तरांनी कचेरीचे उंबरठे झिजवले, व्यर्थ. भूल देण्याआधी फोनवर तीच ओळ तिला कळेल अशी गायची, एवढंच हातात उरलं होतं.

'आय लुक' इथवर जमलं. पुढे काय?

"लुक फॉर यू घाल की," बँडमधला ढोलवाला म्हणाला. "फॉर म्हणजे साठी. तुझ्यासाठी बघतो. कसं गोड!"

समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाईंना हसू आवरेना. "अहो मास्तर, त्याचा अर्थ 'तुला शोधतोय' असा होतो! पोरगी समोर आणि तुम्ही शोधताय?"

"मग ॲट?"

"ॲट म्हणजे नुसतं बघणं. सांभाळणं हवं असेल तर आफ्टर."

"आपल्याकडे कसं, एका 'कडे'त सगळं भागतं," मास्तर कुरकुरले. "आजारी माणसाकडे बघ म्हटलं की नजर आली, औषधपाणी आलं, सगळं आलं."

आफ्टर तर आफ्टर. पण ते मेलं चालीत बसेना. तिथे एकच सूर होता. मास्तरांनी तो फोडून दोन केले आणि भिंतीकडे तोंड करून घोकत बसले. ढोलवाल्याने मांडीवर ठेका धरून दिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पडद्यावर ठमी दिसली, डोक्यावर कागदी टोपी, हाताला नळी. केवढीशी झाली होती! मास्तर गायला लागले, 'आय लुक'पर्यंत आले आणि अडकले. आफ्टर. सांभाळतो. कोण सांभाळतो? तिकडे उशाशी तिची आई, छाती उघडणार डॉक्टर, आणि आपण खुर्चीत बसून हातात फोन धरलेला. फार लाज वाटली त्यांना. फोडलेला सूर गळ्यातून फुटेना. निघाला तो जुना, एकटा सूर.

"...ॲट यू."

ठमी खुदकन हसली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"बाबा, ओळीचा अर्थ मी तिला सांगून ठेवला होता. ती म्हणतेय, आजोबा चुकले," लेकीने सांगितलं. "ॲट नाही, आफ्टर म्हणायचं."

"बरोबर आहे तिचं," मास्तर म्हणाले. "पण तिला म्हणावं, आजोबांना इथून तेवढंच करता येतं."

लेकीने ते तिला सांगितलं नाही. तिकडे कुणीतरी पलंग ढकलायला लागलं, फोन कलला, नुसतं छत दिसलं आणि मग तेही गेलं.

मास्तर काळ्या पडद्याकडे बघत राहिले.