सावत्र गोगलगायी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पाठीमागे 'शंकासूर' म्हणत. तोंडावर मी 'काका' म्हणायचे, तेही दातओठ खात. हुद्द्याने ते मदतनीस. टाक्या धुणं, पाणी बदलणं, ट्यूबांवर चिठ्ठ्या लावणं, एवढंच त्यांचं काम. एकतीस वर्षं ते केलं आणि एकतीस वर्षांत कुणाचाही आकडा पहिल्या दमात मान्य केला नाही. मी म्हणावं चाळीस, की काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "परत मोजा, मॅडम." परत मोजले की चाळीसच भरायचे. दहांतून एकदा एकोणचाळीस भरायचे, आणि त्या एकाच्या जोरावर पुढच्या नऊ वेळा ते माझं डोकं खायचे.

आमचं काम गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचं. वस्तीबाहेर दोन तळी होती, वरचं आणि खालचं. वरचं बुजवून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायची होती. परवानगी देणाऱ्या समितीने आम्हाला एकच विचारलं होतं: वरच्या तळ्यातली गोगलगाय खालच्यातही आहे का? असेल तर वरचं गेलं तरी जात शिल्लक राहते. नसेल तर तळ्याला हात लावायचा नाही.

एका ट्यूबमध्ये एक गोगलगाय. ट्यूबच्या चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या असतात: क्रमांक, तारीख, तळं. वरच्या तळ्याच्या वीस ट्यूबांवर काकांनी बॉलपेनने चौथी लिहिली. बारांवर 'सख्खी', आठांवर 'सावत्र'.

"काका, हे काय आहे?"

"खालच्या तळ्यातल्या त्या सख्ख्या, मॅडम. वरच्यात दोन्ही आहेत. सख्ख्या टाकीत सोडल्या की काचेवर चढतात. या सावत्र तळाशीच बसतात. राहतात एका घरात, पण एका आईच्या नाहीत."

"अहो, त्या पिल्लं आहेत. आकार बघा की."

"पिल्लं नाहीत. यांची वाढच एवढी. दोन वर्षं बघतोय."

"लहान मूल कोणतं आणि ठेंगणा माणूस कोणता, हे मला कळतं, काका."

काका ट्यूबा गोळा करू लागले. पटलं म्हणून नव्हे; पालथ्या घड्यावर किती पाणी घालायचं, असा तो चेहरा होता. त्या चेहऱ्याची मला फार चीड यायची.

डीएनए तपासायच्या मशीनवर आम्हाला एकच दिवस मिळाला होता. प्रत्येक तळ्यातल्या पाच गोगलगायी तपासता येणार होत्या. मी मोठ्या निवडल्या, कारण मोठीच्या अंगात मांस जास्त, म्हणजे डीएनए भरपूर. दहाही एकाच जातीच्या निघाल्या. तसा अहवाल मी लिहिला आणि खाली सही केली. उरलेल्या ट्यूबा फ्रीजरमध्ये गेल्या.

काकांच्या टाकीत वरच्या तळ्यातल्या काही जिवंत गोगलगायी होत्या, सगळ्या तळाशी बसणाऱ्या. टाकी बेसिनजवळ, येताजाता माझ्या कोपराला लागायची. प्रकल्प संपला तसं मी सांगितलं, "काका, ती रिकामी करा."

"हो, मॅडम."

ना शंका, ना 'परत बघा'. खरं तर तेव्हाच मला संशय यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी टाकी जागेवर नव्हती. मला मोकळं वाटलं.

महिन्याभरात तळं बुजवलं. त्यानंतर चार महिन्यांनी काका निवृत्त झाले. निरोपाला काय हवं विचारलं, तर म्हणाले, "त्या आठ ट्यूबा तेवढ्या तपासा." घड्याळ मागितलं असतं तर मी सुटले असते. शेवटी त्यांचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून मी मशीनवर एक दिवस मिळवला.

आम्ही डीएनएचा जो तुकडा वाचतो तो फक्त आईकडून येतो. आठच्या आठ ट्यूबांत तो वेगळा निघाला. थोडाथोडका नाही, निराळी जात ठरावी इतका. एका आईच्या नाहीत, असं काका म्हणाले होते, आणि माझ्या मशीनला त्याहून जास्त काही सांगता येत नव्हतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. वरच्या तळ्यावर तोवर पांढऱ्या रेघा मारून झाल्या होत्या.

कागद घेऊन मी काकांच्या घरी गेले. मला माझीच लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते. दार काकूंनी उघडलं. त्या माझ्यापेक्षा चिडलेल्या होत्या.

"तुम्हीच का त्या मॅडम? या, आधी हे बघा," म्हणत त्यांनी मला थेट न्हाणीघरात नेलं. बादलीच्या जागी टाकी होती. वर त्याच बॉलपेनची चिठ्ठी: 'सावत्र'. "सहा महिने झाले. आंघोळ उभ्याने, तीही चोरासारखी. साबण उडला की आरडाओरडा. तुम्हीच ठेवायला सांगितलंय म्हणे."

गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. ती टाकीतल्यांना नाही, टाकीवाल्याला लागू होती. काका मागे येऊन उभे राहिले. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला.

"खालच्या तळ्यात बघितलं का परत?"

"बघितलं. तीन वेळा. एकही नाही."

"म्हणजे वरचं गेलं ते..."

"माझ्या सहीने गेलं, काका."

एरवी ज्या माणसाला माझ्या प्रत्येक वाक्यावर शंका असायची, त्याला नेमकी याच वाक्यावर नव्हती.

मी खाली बसून टाकीत बघितलं. तळाच्या वाळूवर त्या होत्या, चिंचोक्याएवढ्या.

"सतरा," मी म्हणाले.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "परत मोजा, मॅडम."

या वेळी मी वाद घातला नाही. बोट काचेला टेकवून एकेक मोजली. दगडाखाली बघितलं, नळीच्या मागे बघितलं. माझा आकडा चुकावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

सतराच भरल्या.