दादाच्या कानशिलावरचा तीळ

"वन्सं, ह्ये गेलं…" वहिनीचा फोन आला, तेव्हा मी सांगलीच्या स्टँडवर गावाकडच्या गाडीची वाट बघत उभी होते. पिशवीत दादासाठी केलेली नाचणीची खीर होती. त्या फोनला आता काही आठवडे झाले. पण माझा राग उतरत नाही. भाऊ गेल्यावर बहिणीनं नुसतं रडावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला रडण्याआधी भांडायचं आहे.

दादा फौजेत होता. उमेदीची वर्षं त्यानं बर्फात काढली. तिथलं ऊन बर्फावरून उलटून अंगावर येतं, कातडी सोलून काढतं. तुकडीतला कुणी काळा चष्मा न लावता, तोंडाला मलम न फासता बाहेर पडला की दादा त्याला फैलावर घ्यायचा. आणि हाच माणूस निवृत्त होऊन कोरेगावजवळच्या आमच्या गावी आला, तो भर दुपारी उघड्या डोक्यानं शाळूच्या रानात. मी हौसेनं रुंद काठाची टोपी नेली, तर म्हणाला, "सुमे, ही घालून बुजगावण्यागत दिसंन की गं. आन् ह्ये काय परक्याचं ऊन हाय व्हय?"

मग त्याच्या कानशिलावर तीळ उगवला. वाढत गेला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, दाढी करताना रक्त यायला लागलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवा तीळ… आणि घरात त्याचं कौतुक. वहिनी म्हणायची, "देवानंच तीट लावलीया, दिष्ट लागू नये म्हनून." पुढं दादाच्या लेकीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं. फेट्याखाली तो तीळ फोटोत येईल म्हणून दादा साताऱ्यात एका लेझरवाल्याकडं गेला. दारावर पाटी होती : तीळ, चामखीळ, डाग, एकाच बैठकीत. त्या माणसानं नुसता बघितला आणि जाळून टाकला. असा बदलणारा तीळ आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचा असतो, त्याचा तुकडा तपासायचा असतो, हे त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही. लग्नाच्या फोटोत दादा देखणा दिसतो. मला तो फोटो बघवत नाही.

वर्षाच्या आत मानेत गाठ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं, "तीळ काढला तेव्हा तपासला होता का?"

"जाळला की साहेब. दुखलंबी न्हाई," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या कानशिलावरून बोट फिरवलं. वरची कातडी गुळगुळीत झाली होती आणि आत कॅन्सर पसरत गेला होता. तेव्हाच नीट कापून तपासला असता, तर दादा कदाचित वाचला असता. हा 'कदाचित' मला झोपू देत नाही. ती पाटी अजून तिथंच आहे, परवाच बघून आले.

तेराव्यानंतर रानात गेले. शाळू दाण्यावर आला होता. मधोमध बुजगावणं, आणि त्याच्या मडक्याच्या डोक्यावर मी आणलेली टोपी. दादानंच घातली होती म्हणे, हसत हसत. ऊन असं होतं की मलाच डोळ्यांवर पदर ओढावा लागला. टोपीखालच्या त्या मडक्यावर मात्र गार सावली होती.