मेल्यावर हसायचं

माझा धाकटा भाऊ टीव्हीवर किती वेळा मेला, ते मी मोजलं नाही. माय मोजायची. पोलिसांच्या एका तुकडीची मारधाडीची हिंदी मालिका होती, अन् तिच्यात भाऊ कायम चोरांच्या बाजूला. कधी दाढी लावून, कधी टक्कल करून यायचा, दोन बुक्क्या खायचा अन् मरायचा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मिशा लावून पुन्हा हजर. जवळा बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बाया माप देता देता म्हणायच्या, "काल तुमचा भाऊ गच्चीवरून पडला की वो." मी म्हणायची, "पडू द्या, सवय हाय त्याला."

पडायला तो सिद्धेश्वरच्या धरणाकडं शिकला. कालव्याच्या पुलावरून पाण्यात पाठमोरा उडी मारायचा. त्यापायी मायच्या हातचा मारही पुष्कळ खाल्ला. तीच करामत मुंबईत कामाला आली. मारामारी बसवणारा मास्तर म्हणाला म्हणे, हा गडी पडताना हात टेकवत नाही. बाकीचे सगळे जिवाच्या भीतीनं टेकवतात. भाऊ हे कौतुकानं सांगत होता, मला मात्र ऐकून कसंतरीच झालं.

एका दिवाळीला आला तेव्हा त्यानं शूटिंगवरची एक रीत सांगितली. मरायचा सीन झाला की लगेच उठायचं नसतं. कॅमेरा चालूच ठेवतात. मेलेल्यानं पडल्या जागी डोळे उघडायचे, कॅमेऱ्यात बघायचं अन् हसायचं. तेवढा तुकडा मागून कापून टाकतात. पण हसलं की मरण अंगावरून उतरतं, असं तिथले जुने लोक मानतात.

"अन् तुमचा हिरो?" मी विचारलं.

"त्यो मरतच न्हाई आक्का. त्याला कशाला हसावं लागतंय?" मग म्हणाला, "हिरो आता पिक्चरात गेला. पोलिसातली ती बाई लग्न करून परदेशात गेली. मोठ्या व्हिलननं हॉटेल टाकलं. मालिकेत टिकले ते आमी मरणारेच."

आम्ही दोघं हसलो. माय हसली नाही. ती सुपात डाळ पाखडत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तो गेला, अन् तेव्हापासून फोनवर तिचा पहिला प्रश्न बदलला. आधी "जेवलास का?" असायचा. आता "हसलास का?" तो म्हणायचा, "व्हय माय, हसलो." मग ती फोन माझ्या हातात द्यायची. मी माहेरीच राहते. का, ते इथं सांगायचं नाही. त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

मग त्याला मोठं काम मिळालं. नव्या व्हिलनचा सख्खा भाऊ. आठ भाग, बोलायला डायलॉग, पात्राला नाव. आठव्या भागात मेला, तोही कसा, सावकाश, व्हिलनच्या मांडीवर डोकं ठेवून वगैरे. मी दुकान बंद करून बघितलं अन् रडले. मायनं फोन लावला.

"हसलास का?"

पलीकडून एवढंच आलं, "व्हय."

मायनं फोन खाली ठेवला. "खोटं बोलून राहिला," म्हणाली.

खोटंच होतं. ऊन उतरत होतं, त्यांना अजून एक सीन घ्यायचा होता, सगळे पळापळीत. कॅमेरा उचलून नेला. हा मेलेला तसाच पडून राहिला, कुणी हस म्हणेना, मग आपला आपण उठला. हे त्यानं फार नंतर सांगितलं.

त्यानंतर त्याला काम आलं नाही. काम देणारा माणूस आधी फोन उचलायचा नाही, अन् एकदा उचलला तर म्हणाला, "अरे, तू तो मर गया ना." म्हणजे मालिकेत मेलास, चेहरा लोकांना माहीत झाला, आता परत कसा घेणार, असं. त्याच्या परीनं बरोबरच होतं. सात महिने बसून भाऊ घरी आला.

तो आला अन् मला भीती वाटायला लागली. काही घडलं म्हणून नाही. एका बाजारच्या दिवशी आम्ही तिघं चहाच्या बाकड्यावर बसलो, चहावाल्यानं दोनच कप आणले. ओळखीचा माणूस, दर आठवड्याचा. मी म्हणलं, "तिसरा?" तर त्यानं भावाकडं असं बघितलं, जसा तो आत्ताच येऊन बसला. तिघांना कळमनुरीला जायचं होतं तर रिक्षावाला म्हणाला, "दोघी ना? या पुढं." भाऊ माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मी रिक्षावाल्याला अशी झापली की चार लोक जमले. एरवी भाऊच मला आवरायचा. त्या दिवशी नुसता रस्त्याकडं बघत राहिला. बारीक झाला होता, बोलत नव्हता, लोकांचं लक्ष जात नसेल, अशी मी माझी समजूत घातली. मायनं घातली नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी ती त्याला म्हणाली, "दाखव मला, कसा मेलास."

अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. तिनं एका कडेचं सारलं अन् ताडपत्री मोकळी केली. मला म्हणाली, "तू फोन धर. कॅमेरा पाहिजे." मी म्हणलं, माय, काहीतरीच. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी फोन धरला.

भाऊ गुडघ्यावर बसला, कुशीवर कलंडला अन् मेला. आता हे कसं सांगू. टीव्हीवर शंभरदा बघितलं होतं, पण तिथं संगीत असतं. इथं नुसतं ऊन होतं. शेजारची कोंबडी आली, त्याच्या उघड्या पंज्यातला सोयाबीनचा दाणा टिपून गेली, बोट हललं नाही. ओठावर माशी बसली. मी त्याच्या छातीकडं बघत होते, सदरा हलतो का ते. मला हललेला दिसला नाही.

माय वाकली. "हास रे लेकरा," म्हणाली. "हास आता."

उन्हानं फोनची काच काळी झाली होती. चालू आहे की नाही, काही दिसेना. मी घाबरून पुन्हा बटण दाबलं, अन् तेवढ्यात हसणं ऐकू आलं. मान वर केली तर भाऊ उठून बसला होता, अंगावरचा भुसा झटकत होता. माय त्याची पाठ पुसत होती. मी सुटले बाई, असं मनात म्हणलं.

त्या रविवारी बाजारात चहावाल्यानं न सांगता तीन कप आणले. पंधरा दिवसांत मुंबईहून बोलावणंही आलं, दुसरी मालिका. भाऊ गेला. मग मी सवडीनं फोन बघितला. मी दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा शूटिंग बंद झालं होतं. भाऊ पडतो, कोंबडी येते, माय म्हणते "हास आता", अन् संपलं. हसणं त्यात नव्हतंच. मी कुणाला सांगितलं नाही. मायनंही कधी बघायला मागितलं नाही, याचं मला त्या वेळी नवल वाटलं.

संक्रांतीनंतर एका सकाळी माय डाळ निवडता निवडता बसल्या जागी गेली. आजार नाही, तकलीफ नाही. आंघोळ घालणाऱ्या बाया म्हणाल्या, "तोंड कसं हसरं हाय बघा." असं सगळ्यांच्याच बाबतीत म्हणतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

भाऊ परवा आला होता. जेवण झाल्यावर म्हणाला, "आक्का, त्यो व्हिडिओ हाय का? मायचा आवाज हाय त्याच्यात." दुसरीकडं कुठं तिचा आवाज नाही आमच्याकडं. मी नाही म्हणू शकले नाही. म्हणलं, "हसायच्या आधीच बंद पडला बघ. चूक माझीच."

त्यानं बघितला. परत बघितला. मग म्हणाला, "मी कुठं हसलो होतो?"

"मी ऐकलं ना."

"मला येतच नव्हतं आक्का. डोळे उघडले, पण तोंडच उघडंना. मग माय माझ्यापाशी आडवी झाली. गालाला गाल लावून. अन् तुझ्या फोनकडं बघून ती हसली."

मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. एवढे दिवस सांगितलं नाहीस म्हणून, अन् तुझ्या जागी तिला हसू दिलंस म्हणून. पण हात उचलला तो फोनसाठी. त्याच्या तोंडासमोर धरला, शूटिंगची लाल टिकली लागलीय का ते दोनदा बघितलं.

"हास," मी म्हणलं. "आत्ता हास. माझ्यासमोर."

वर सेकंद पळायला लागले. भाऊ कॅमेऱ्यात बघत होता. मी बटणावरचं बोट काढून घेतलं अन् वाट बघत राहिले.