होयचं पहिलं अक्षर

सुमित्रा गेल्याची बातमी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आली तेव्हा मी शाळेत मुलांच्या जेवणाचा तांदूळ उतरवून घेत होते. 'शांत, मनमिळाऊ, सदैव हसतमुख सहकारी हरपली' असं लिहिलेलं, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी पोतं भिंतीला टेकवायला सांगितलं आणि निरोप पुन्हा वाचला. आधी आला तो राग, रडू नंतर. सुमित्रा गावडे सदैव हसतमुख नव्हती. कारण असलं तर हसायची, आणि खोटं बोलणाऱ्यासमोर तर अजिबात नाही.

खरा कडेलोट शोकसभेत झाला. जोयड्याहून आलेले एक अधिकारी कौतुकानं म्हणाले, "सुमित्राबाई जुन्या पिढीतल्या. संगणकाला घाबरायच्या. प्रशिक्षणात असताना संगणकाच्या परीक्षेत त्यांना शून्य पडलं होतं म्हणे... तरीही पुढं किती चांगलं काम केलं!" लोक मायेनं हसले. मी उभी राहिले, म्हटलं, "साहेब, ते तसं नव्हतं." पण तोवर आभार मानायला कुणीतरी माईक हातात घेतला होता. तिथं राहिलं ते इथं लिहिते आहे. त्या परीक्षेच्या वेळी मी तिच्याबरोबर होते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. कर्नाटकाच्या हद्दीतल्या रामनगरजवळच्या एका खाजगी संस्थेत आम्ही शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत होतो. एका खोलीत राहायचो. झाडलोट, पाणी, चूल यांच्या पाळ्या मी ठरवायची आणि सुमित्रा त्यावर भांडायची. मी थोडी मोठी म्हणून मला 'अक्का' म्हणायची, पण त्या 'अक्का'त आदर कमी आणि टोमणा जास्त. "अक्का, तुझ्या पाळीत तुझं नाव सगळ्यात खाली कसं गं येतंय दरवेळी?" तिच्या घरची शेतं सुपा धरणाच्या पाण्यात गेलेली. वडील रामनगरला नव्या वस्तीत आले, जंगलखात्याच्या कामावर जायचे. धाकट्या दोघी शिकत होत्या. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "या साली पास झालीस तर नोकरीच्या भरतीत बस. आणखी एक साल माझ्यानं व्हायचं न्हाई." तिचं सगळं त्या एका वर्षावर टांगलेलं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या सत्राची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून एक परीक्षक आले होते. सुमित्रानं उत्तरात "मुलाला भूक लागलेली हाय" असं म्हटलं. परीक्षकांनी तिला थांबवलं. "हाय? कुणाला हाय?" आणि बाकीच्यांकडे बघून हसले. तिला 'आहे' म्हणायला लावलं, परत परत. मग विचारलं, "कुठल्या वस्तीवरची?" गुण पडले ते उत्तराला नाहीत, त्या 'हाय'ला. त्या दिवशी सुमित्रा जेवली नाही. दुसऱ्या सकाळी चुलीपाशी बसून म्हणाली, "माझं उत्तर बरोबर होतं. त्यानं ते ऐकलंच न्हाई."

म्हणून संस्थेत संगणक आला आणि यापुढं एक चाचणी त्याच्यावर होणार असं कळलं, तेव्हा सगळ्या वर्गात आनंद झाला तो हिलाच. आम्ही बाकीच्या धास्तावलो होतो, हे मी कबूल करते. बटण चुकून दाबलं तर काय, शॉक बसला तर काय, असल्या गोष्टी चालायच्या. एक मुलगी म्हणाली, "आम्ही मास्तर होणार ते माणसं तपासायला. आम्हालाच डबा तपासणार असेल तर आमची गरज काय?" सुमित्रा तिच्यावर उसळली. "त्या डब्याला मी कुणाची, कुठली, कळतंय का? माझं हाय-न्हाई ऐकून तो हसणार हाय का? ए बी सी डी, त्यातलं बरोबर ते बरोबर. मला तर तोच पायजे!" बेंगळूरहून एक साहेब येऊन आमच्याकडून मतं भरून घेऊन गेले होते. संगणकावरची परीक्षा न्याय्य वाटते का, भीती वाटते का, असे प्रश्न. सुमित्रानं सगळीकडे 'पूर्ण सहमत'वर खूण केली, फक्त भीतीपुढे 'पूर्ण असहमत'. मी शेजारी बसले होते. माझ्या खुणा मधल्या रकान्यात होत्या.

चाचणीच्या आदल्या दिवशी आमच्या सरांनी संगणक दाखवायचं ठरवलं होतं, आणि वीज गेली. ज्या पाण्याखाली सुमित्राचं शेत होतं त्याच पाण्यावर तयार झालेली वीज साऱ्या राज्यात खेळत होती, आमच्या संस्थेत तेवढी नव्हती. मग सरांनी तोंडीच समजावलं. अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत, आमच्याकडे सगळेच बोलतात तसं. "सगळी उत्तरं झाली की यंत्र शेवटी विचारेल, उत्तरं ठेवायची का? हौदु, होय म्हणायचं असेल तर त्याचं पहिलं अक्षर दाबायचं. झालं, एवढंच."

हौदु आणि होय. एक कन्नड, एक मराठी, आणि इंग्रजीत लिहायला घेतलं तर दोन्हींचं पहिलं अक्षर एच. इतकं सोपं कधी नव्हतंच काही! पहिल्या गटातल्या मुलींनी, त्यांत सुमित्राही होती, दुसऱ्या दिवशी एकेक करून जाऊन परीक्षा दिली आणि शेवटी विश्वासानं एच दाबलं. एकीनं व्ही दाबलं, 'व्हय' म्हणून. यंत्राला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला पाहिजे होतं वाय, इंग्रजीतल्या येसचं. वाय सोडून दुसरं काहीही दाबलं की ते 'नाही' समजून सगळी उत्तरं पुसून टाकायचं. घरी इंग्रजी असलेल्या दोघी-तिघी वाचल्या. बाकी सगळ्यांना शून्य. सुमित्राला शून्य.

हे इथवर चूक म्हणता येईल. सरांनी मुद्दाम केलं नव्हतं. पण त्यानंतर जे झालं ते मला आजही सहन होत नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आमचा दुसरा गट गेला, तर दारातच फळ्यावर खडूनं हाताएवढं मोठं 'वाय' काढून ठेवलेलं. सरांनी दोनदा बजावलं, "शेवटी हेच दाबायचं, दुसरं न्हाई." म्हणजे काय चुकलं ते सगळ्यांना कळलेलं होतं. सूचना दुरुस्त झाली होती. गुण मात्र दुरुस्त होणार नव्हते.

मी वर्गातल्या मुलींना गोळा केलं, कोण कधी बसली, कुणी काय दाबलं ते विचारून घेतलं, आणि सगळ्या मिळून प्राचार्यांकडे गेलो. बेंगळूरचे साहेबही तिथं बसले होते. ते म्हणाले, "यंत्र चुकत नसतं."

सुमित्रा पुढं झाली. "यंत्र चुकलं असं मी म्हणतच न्हाई सर. आम्हाला सांगितलं होय म्हणा, आम्ही होय म्हटलं. कानडीत म्हटलं, मराठीत म्हटलं. त्याला दोन्ही येत न्हाई. मग त्याला शिकवायचं का आम्हाला नापास करायचं?"

साहेब हसले. प्राचार्यांनी मात्र थोडा विचार केला. ते वाईट मनाचे नव्हते. म्हणाले, "हे बघ, निकाल वर गेलाय. पण मी तुझी तोंडी परीक्षा घेतो इथंच. दोन प्रश्न विचारतो, पास करतो. झालं समाधान?"

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. हो म्हण, वर्ष वाचतंय... तिनं माझा हात बाजूला केला.

"तोंडी नको सर. मला त्याच यंत्रावर बसवा. आम्हा सगळ्यांना. मला काय येतंय ते बघा, मेहरबानी नको."

"मग राहू दे," प्राचार्य म्हणाले.

आणि राहिलं. एकूण गुणांत ती चाचणी धरली गेली; तोंडीचे गुण आधीच कमी, त्यात हे शून्य, सुमित्रा त्या वर्षी नापास झाली. बाहेर आल्यावर मी तिला खूप बोलले. मूर्ख, हट्टी, घरच्यांचा विचार नाही, काय वाट्टेल ते. ती म्हणाली, "अक्का, एकदा तोंडी पास केलं की जन्मभर सांगतील, पास *केली* म्हणून." पुढं साहेबांचा अहवाल संस्थेत आला. त्यात लिहिलेलं, ग्रामीण भागातल्या भावी शिक्षिकांच्या मनात संगणक परीक्षेची भीती आहे, दृष्टिकोन नकारात्मक आहे, शून्य गुणांवरून ते स्पष्ट होतं. साऱ्या वर्गात ज्या एकीला ती परीक्षा मनापासून हवी होती, तिचं शून्य त्यांनी भीतीच्या खात्यात घातलं! शोकसभेतल्या अधिकाऱ्यांकडे ती 'भीती' पोचली ती याच वाटेनं, इतकी वर्षं चालत.

मी त्या वर्षीच्या भरतीत लागले. सुमित्रा पुढच्या वर्षी पास झाली, तोवर भरती संपली होती. संगणकावर कापड पडलं होतं आणि परीक्षा पुन्हा कागदावर आली होती. तिच्या वडिलांनी बोलल्याप्रमाणे हात वर केले नाहीत, पण धाकटीची शाळा सुटली. मग सुमित्रानं कितीतरी वर्षं तात्पुरती म्हणून शिकवलं, कधी कॅसलरॉकला, कधी कुळगीच्या अलीकडे, रेल्वे आणि जीपच्या भरवशावर. कायम झाली तेव्हा आमच्या बॅचमधल्या बायका मुख्याध्यापिका झाल्या होत्या. यातलं काही तिच्या शोकसभेत कुणी बोललं नाही. 'संगणकाला घाबरायच्या' एवढं बोलले. शाळेत संगणक आला तेव्हा सर्वांत आधी तीच त्याच्यापुढं बसली, हेही नाही.

तिची शाळा गणेशगुडीच्या वाटेवर. नवीन बाई येईपर्यंत तिच्या वर्गाची व्यवस्था लावायला मला पाठवलं. मी सवयीप्रमाणे आधी टेबल आवरायला घेतलं. चौथीच्या परिसराच्या उत्तरपत्रिका अर्ध्या तपासून ठेवलेल्या होत्या. बरोबर उत्तराला बरोबरची खूण होती, चुकलेल्यांना मात्र कुठंच फुली नव्हती. फुलीच्या जागी पेन्सिलीचा बारीक ठिपका. मला वाटलं, राहून गेलं असेल. मी लाल पेन काढलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून टेबलापाशी आली. "बाई, ठिपकेवाल्यांना आधी विचारायचं असतंय."

"काय विचारायचं?"

"काय म्हणायचं होतं म्हणून. सुमित्राबाई विचारायच्या. मग खूण करायच्या. माझं विचारायचं राहिलंय."

मी तिची उत्तरपत्रिका शोधली. प्रश्न होता, नदीला पाणी कुठून येते? पुस्तकातलं उत्तर, डोंगरातून. हिनं लिहिलं होतं, गेटातून.

मी पेन खाली ठेवलं. सुमित्राच्या खुर्चीत बसले आणि विचारलं, "काय म्हणायचं होतं गं तुला?"

"वरनं धरणाचं गेट सोडलं की येतंय बाई," ती म्हणाली. "न्हाई सोडलं तर न्हाई येत. आमच्या घराम्होरं तर तसंच हाय."

मी ठिपका खोडला आणि बरोबरची खूण केली. मग पुढच्या ठिपक्याचं नाव वाचून त्या मुलाला टेबलापाशी बोलावलं.